पहिली चाल करण्याआधीची पाच मिनिटं

मुलगा शिकायला बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, टीव्हीखालच्या कपाटातच राहिला. दोन महिने मी नुसती त्यावरची धूळ पुसत होते. मग एका रविवारी दुपारी चार्जिंगला लावला आणि त्यात आधीपासून असलेला 'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस' हा डावपेचांचा खेळ सुरू करून बघितला. त्याला आता तीन वर्षं होतील. माझं काम हिशेबाचं, घर कोथरूडला, ऑफिस कल्याणीनगरला. वनाजहून मेट्रोत बसले की पर्समधून स्विच निघतो. शेजारी बसलेल्या बायका हमखास विचारतात, "हे काय खेळता हो?" दोघींनी तर शिकवायलाही सांगितलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आधी एक भीती काढून टाका. पाळीपाळीने खेळायच्या या डावपेचांच्या खेळांना हात चपळ लागत नाहीत. तुमची पाळी असते तेव्हा समोरचा थांबलेला असतो, मग तुम्ही चहा करून आलात तरी चालतं. ज्यांनी कधीकाळी बुद्धिबळाचा पट मांडला आहे त्यांना यातलं बरंच आधीच येतं.

यंत्राबद्दल थोडक्यात. स्विच २०१७ साली आला. मूळचा पडदा ६.२ इंची, 'लाइट' या लहान प्रकाराचा ५.५ आणि 'ओलेड' या मोठ्या प्रकाराचा ७ इंची. २०२५ पासून स्विच २ आहे. या खेळांत आकडे आणि अक्षरं बारीक असतात, म्हणून चाळिशी लागली असेल तर लाइट घेऊ नका. सेटिंगमध्ये झूमची सोय आहे, ती चालू करून ठेवा. मग होमचं बटण लागोपाठ दोनदा दाबलं की पडद्यावरचं मोठं करून वाचता येतं. जुना घेत असाल तर दुकानातच हातात धरून बघा, अंगठ्याने फिरवायच्या स्टिकला न शिवता कर्सर आपोआप सरकतोय का. खेळ शक्यतो कार्ट्रिजवर, म्हणजे यंत्रात घालायच्या छोट्या कार्डावर घ्यावा, संपला की दुसऱ्याला देता येतो. (घरात लहान मूल असेल तर एक माहिती: मुलांनी तोंडात घालू नये म्हणून त्या कार्ट्रिजवर मुद्दाम कडू लेप दिलेला असतो.) आणि पटावर कर्सर हलवायला स्टिक वापरू नका, डावीकडची चार बटणं वापरा. एक दाब, एक घर. चूक होत नाही.

पहिला खेळ कोणता? माझं मत स्पष्ट आहे: 'इन्टू द ब्रीच'. २०१८ साली आलेला छोटा खेळ. पट आठ बाय आठ, म्हणजे बुद्धिबळाइतकीच चौसष्ट घरं, आणि तुमच्याकडे फक्त तीन यंत्रमानव. शत्रू पुढच्या पाळीत कुठे मारणार हे तुम्हाला आधीच दिसतं, आणि तुमचा स्वतःचा नेम कधी चुकत नाही. म्हणजे नशिबाला दोष द्यायला जागा उरत नाही. यात शत्रूला मारण्यापेक्षा त्याला एक घर बाजूला ढकलणं जास्त उपयोगाचं ठरतं. त्याचा घाव तुम्ही राखायच्या इमारतीऐवजी त्याच्याच सोबत्यावर बसतो. हे एकदा डोक्यात बसलं की सगळ्याच डावपेचांच्या खेळांकडे बघायची नजर बदलते. एक लढाई चार-पाच पाळ्यांत संपते, वनाज ते कल्याणीनगर जाताना एखादी सहज होते.

आता मुख्य गोष्ट. नवी माणसं लढाई सुरू झाली की लगेच पहिल्या गड्याला पुढे दामटतात. मीही तेच करायचे आणि तिसऱ्या पाळीत अडकायचे. आता पहिली पाच मिनिटं मी काहीच हलवत नाही. फक्त पट वाचते. या खेळांचा खरा आनंद मला त्या पाच मिनिटांत मिळतो.

वाचायचं म्हणजे काय? प्रत्येक शत्रूवर कर्सर नेऊन थांबायचं. तो किती घरं चालतो, त्याच्या हातात काय आहे, तो किती लांबून मारतो. शत्रूचा आवाका रंगवून दाखवायची सोय 'फायर एम्ब्लेम'मध्ये आहे, ती कायम चालू ठेवा. रंगलेल्या घरांच्या बाहेर तुम्ही सुरक्षित, आत पाऊल टाकलं की कोणी ना कोणी अंगावर येणार. घोडेस्वारांकडे दोनदा बघा, ते वाटतं त्याहून लांब पोचतात. मग जमीन बघा. झाडीत उभ्या असलेल्याला नेम लागणं अवघड होतं, गढीच्या घरात उभं राहिलं तर दर पाळीला थोडी जखम भरते.

आणि खिंड शोधा. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाजीप्रभूंनी १६६० साली जे केलं तेच करायचं: अरुंद जागा गाठायची आणि तिथे सगळ्यात दणकट गडी उभा करायचा. पूल, दरवाजा, दोन भिंतींमधली फट, काहीही चालेल. समोर दहा शत्रू असले तरी त्याला एका वेळी एक-दोघंच भिडू शकतात, आणि आपले तिरंदाज त्याच्या खांद्यावरून मारत राहतात. 'थ्री हाउसेस'मध्ये सुरुवातीला तीन गटांतून एक निवडायचा असतो, त्यात ब्लू लायन्स निवडलंत तर डेड्यू नावाचा गडी मिळतो, तो याच कामासाठी. मोकळं मैदान असेल आणि खिंड नसेलच, तर याच गड्याला रंगलेल्या घरांच्या अगदी काठावर ठेवा. सगळे एकदम येत नाहीत. एक-दोन येतात, त्यांना संपवा, पुन्हा काठावर थांबा.

टक्क्यांचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर. पडद्यावर नेम लागण्याची शक्यता दाखवतात, समजा ७० टक्के. 'फायर एम्ब्लेम'च्या बऱ्याच भागांत, २००२ सालापासून, यंत्र आतल्या आत दोन आकडे काढतं आणि त्यांची सरासरी बघतं. त्यामुळे दाखवलेले ७० प्रत्यक्षात ८२ च्या आसपास पडतात, ९० म्हणजे जवळपास ९८, आणि उलट ३० म्हणजे जेमतेम १८. व्यवहारात याचा अर्थ असा: सत्तरच्या वर असेल तर भरवसा ठेवा, पन्नासच्या खाली असेल तर त्या घावावर बेत उभा करू नका. पण दाबण्याआधी दर वेळी एक प्रश्न विचारायचा: हा नेम चुकला तर पुढच्या पाळीत माझ्या या गड्याचं काय होईल? उत्तर वाईट असेल तर ९० टक्क्यांनाही दाबू नये.

हे मी ॲशमुळे शिकले. ॲश हा थ्री हाउसेसमधला कोवळा तिरंदाज, अनाथ पोर, ज्यांनी त्याला वाढवलं त्यांच्याच विरुद्ध त्याला एकदा लढावं लागतं. मी 'क्लासिक' पद्धतीने खेळत होते, म्हणजे लढाईत पडलेला गडी परत येत नाही. ८० च्या वरचा नेम होता, मी त्याला एक घर पुढे नेलं, नेम चुकला आणि झाडीमागून घोडेस्वार आला. मी मेट्रोत होते. गरवारे कॉलेज गेलं, डेक्कन गेलं, मी नुसती पडद्याकडे बघत होते. खेळात काळ मागे फिरवायची सोय आहे, पण एका लढाईत मोजक्याच वेळा, आणि माझ्या संपल्या होत्या. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या एवढ्याशा पोराला पुढे कशाला पाठवलंस?" बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून पद्धत निवडताना असं करा. पहिल्यांदा खेळताना 'कॅज्युअल' घ्या. २०१० पासून 'फायर एम्ब्लेम' मालिकेत ती सोय आहे, पडलेला गडी पुढच्या लढाईत परत येतो. खेळाची घडण कळली की दुसऱ्यांदा क्लासिक घ्या, कारण गडी कायमचा जाऊ शकतो म्हटल्यावरच त्याच्या नावाची, गोष्टीची, कोण कोणाशी बोलतं याची किंमत वाटू लागते. 'थ्री हाउसेस'मध्ये दोन लढायांच्या मधले दिवस मठात जातात, तेव्हा सगळ्यांशी बोला. घाई करून ते ओलांडणाऱ्यांचा अर्धा खेळ हुकतो. वेळ वाचवायचाच असेल तर लढाईतली हाणामारीची चित्रं सेटिंगमध्ये बंद करा.

नुसते गोष्टीचे, प्रवासाचे खेळ आवडणार असतील तर 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस' घ्या. याचा नमुना (डेमो) फुकट मिळतो, कित्येक तासांचा आहे, आणि पुढे पूर्ण खेळ घेतलात तर तिथूनच चालू होतो. परत उघडलं की आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगतो, त्यामुळे आठ दिवसांनी हातात घेतला तरी धागा सापडतो. गावात शिरलं की प्रत्येक दारात डोकवायचं, प्रत्येक माणसाशी बोलायचं. औषधं साठवू नका. आपल्याला 'अडीअडचणीला असू दे' म्हणून बाजूला काढायची सवय असते, आणि खेळ संपतो तेव्हा पिशवी तशीच भरलेली. कठीण लढाई आली की वापरून टाका.

थांबायचं कसं, हेही ठरवून घ्या. पाळीच्या मध्यात थांबू नका. पाळी सुरू होताना थांबा, वरचं बटण हलकेच दाबून स्विच झोपवा, आणि पुढची चाल वहीत लिहा. माझी दोनशे पानी वही आहे, भाजीच्या यादीचीच. क्लासिक मी आता दुसऱ्यांदा खेळते आहे. कालच्या पानावर मेथी, कोथिंबीर, अर्धा किलो टोमॅटो आणि त्याखाली: 'डेड्यू पुलावर. घोडेस्वार डावीकडून, सात घरं. ॲश मागे.'