मुलाचा वरचा सुळा योग्य वाटेवर आहे का, हे घरी कसे तपासावे

माणसाच्या तोंडात चार सुळे असतात. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, जबड्याच्या वळणावर उभा असलेला हा एकाच टोकाचा दात अन्न फाडतो आणि जबडा बाजूला सरकताना दाढांवर येणारा आडवा ताण स्वतःवर घेतो. वरच्या सुळ्याचे मूळ सगळ्या दातांत लांब असते, म्हणूनच तो सहसा म्हातारपणापर्यंत टिकतो.

कायमचा वरचा सुळा साधारण 11 ते 12 व्या वर्षी येतो. मात्र जबड्यात बराच उंचावरून उतरताना तो कधीकधी टाळूकडे वळून अडकतो. त्यामुळे मूल नऊ-दहा वर्षांचे झाले, की हात स्वच्छ धुऊन त्याला उजेडाकडे तोंड करून बसवावे, ओठ हलकेच उचलावा आणि दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीच्या बाहेरच्या बाजूने तर्जनी फिरवावी. तिथे कठीण, गोलसर उंचवटा लागला, तर दात बहुधा योग्य वाटेवर आहे. दोन्ही बाजू अवश्य ताडून पाहाव्यात, कारण एकीकडेच उंचवटा असणे हीच दात अडकल्याची खरी खूण आहे.

दहा वर्षे उलटूनही उंचवटा लागत नसेल, तर दंतवैद्याकडून एक्स-रे काढून घ्यावा. या वयात दुधाचा सुळा काढल्याने अनेकदा कायमचा दात आपोआप वाटेवर येतो. उशीर झाल्यास शस्त्रक्रिया करून तो तारेने ओढून आणावा लागतो, आणि अडकलेला सुळा शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजवू शकतो. हलत नसलेला दुधाचा सुळा घरी ओढून काढू नये.