पावसात पोराबाळांसह कर्नाळा: या चुका टाळा

जूनचा पहिला दणका बसला की मला फोन सुरू होतात. "मुलांना कर्नाळ्याला न्यायचंय, तिबोटी खंड्या दिसेल ना?" दिसण्यासारखा आहे. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पावसाळ्यात हा पक्षी तिथे विणीला येतो, आणि २०२० पासून तो रायगडचा जिल्हा पक्षीही आहे. पण तेवढ्याशा जंगलात दर रविवारी माणसं त्याच त्या चुका करतात आणि "काहीच नाही दिसलं हो" म्हणत परततात.

अकराला पोचणं

घरून सातला निघायचं ठरतं, निघतात नऊला, मग हायवेवर वडापाव. तोवर आत सहलींचा गोंगाट सुरू झालेला असतो. दशम्या-चटणी बांधून घ्या, गाडीतच खा आणि फाटक उघडताना हजर राहा. मुलं लवकर उठत नाहीत ही सबब मला पटत नाही. वॉटर पार्कला जायचं असलं की तीच मुलं पाचला तयार असतात.

सर आली की पळणं

ही खरी गोम. सर आली की सगळी वरात निवाऱ्याकडे, नाहीतर थेट गाडीकडे. काचा वर, वेफर्स बाहेर. आणि उघडीप होते तेव्हा पायवाटेवर कुणीच नसतं. पावसात पानाआड अंग चोरून बसलेले पक्षी उपाशी असतात. सर थांबली की भृंगराज किडे टिपायला फांद्या बदलू लागतो, ओढ्यातल्या दगडावर शीळकरी कस्तूर येतो आणि अशी शीळ घालतो की एखादं पोर रमतगमत चाललंय असं वाटावं. ही पंधरा-वीस मिनिटं म्हणजे अख्ख्या सहलीचा पैसा वसूल.

विजा कडाडत नसतील तर मी जागचा हलत नाही. रेनकोट घालून उभं राहायचं. छत्री नको, ती उघडताना होणाऱ्या हालचालीनेच पक्षी उडतात. स्वस्तातला प्लॅस्टिकचा पोंचोही नको, चालताना तो इतका फडफडतो की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. भडक पिवळा-केशरी रंग मुलांसाठी घ्यायचा तो शाळेसाठी घ्या, इथे हिरवा, खाकी, करडा बरा.

फोनवर पक्ष्याचा आवाज लावणं

ही चूक माझ्या डोक्यातच जाते. पक्षी दिसेना की काढला फोन, लावला रेकॉर्ड केलेला आवाज. पक्षी येतो, म्हणून लोकांना ही मोठी युक्ती वाटते. अहो, तो येतो कारण आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसलाय असं त्याला वाटतं. ऐन विणीत, हातातलं काम टाकून येतो तो.

एका जुलैमध्ये ताई-दाजी आणि मुलं बरोबर होती. ओढ्याच्या बऱ्याच अलीकडे सगळ्यांना थांबवलं होतं, कारण पलीकडच्या मातीच्या काठात तिबोटी खंड्याचं घरटं होतं. हा पक्षी काठात आडवं बीळ खोदतो, कधी कधी मीटरभर लांब. मी भाचीला गुंडाळून बसलेला पैसा किडा दाखवत होतो, तेवढ्यात ओढ्याकडून बारीक, धारदार शीळ आली. मग अगदी तीच, तेवढ्याच अंतराने पुन्हा. जिवंत पक्षी असं घड्याळ लावून ओरडत नाही. वळून बघतो तर दाजी पार ओढ्याच्या काठावर, हातात फोन.

पक्षी आला होता. चिमणीहून लहान, पिवळंजर्द पोट, पाठीवर जांभळट-नारिंगी झाक, तांबडी चोच आणि चोचीत आडवी सापसुरळी. मागून आणखी दोन कुटुंबं धावली, फोटोंचा सपाटा सुरू झाला. पक्षी फांदीवर डोकं वरखाली करत बसला. ना खाई, ना जाई.

"मामा, तो खात का नाहीये?" भाचीने विचारलं.

तो खाणारच नव्हता. खंड्याच्या चोचीत भक्ष्याचं डोकं बाहेरच्या बाजूला असलं तर तो घास पिलांसाठी असतो. आणि बिळाचं तोंड होतं दाजींच्या बरोबर समोर. एवढ्या माणसांदेखत तो आत जाईल कसा? "दाजी, आधी ते बंद करा," म्हटलं आणि सगळ्यांना वळणापलीकडे हाकललं. तिथून दुर्बिणीने बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तो सूर मारून काठाकडे गेला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. दाजींचं म्हणणं, "फोटो तर मस्त आला ना?" यावर काय बोलणार.

माझी पद्धत साधी आहे. खंड्याच्या बसायच्या फांद्या ठरलेल्या असतात, तो फिरून तिथेच येतो. एकदा फांदी कळली की लांब बसा आणि गप्प राहा. घरटं दिसलंच तर तिथून निघा आणि जागा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

(जूनमध्ये हेच पक्षी कोकणातल्या घरांच्या काचांवर आपटून गॅलरीत पडलेले सापडतात. पाणी पाजत बसू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.)

झटपट काही

मुलांना बिबट्या, हरिण असलं काही कबूल करू नका. खेकडे, बेडूक, गोगलगायी, कोळी दाखवा, त्यात त्यांचे तास जातात. हिवाळी पाहुणे पक्षीही आता शोधू नका, ते अजून यायचेत.

कर्नाळा किल्ला आणि पक्षी एकाच दिवशी नको. पावसात कातळावर शेवाळ असतं, आणि सुळक्यावर आग्या मोहोळं. अत्तर, सिगारेट घरी ठेवा.

चढताना दिसेल त्या फांदीला हात घालू नका. हिरव्या पानांत हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला पटकन दिसत नाही.

ओढ्याचं पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या की ताबडतोब बाहेर. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात असतो. इथे "एक सेल्फी घेऊन येतो" ऐकून घ्यायचं नाही.

माकडांना बिस्किटं देणाऱ्यांना मी तोंडावर बोलतो. वाईटपणा घेतो.

दुर्बीण गाडीच्या एसीतून काढली की काचांवर धुकं धरतं. शेवटची दहा मिनिटं एसी बंद, काचा खाली. टी-शर्टने पुसू नका, ओरखडे पडतात.

फाटकावर प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, तिथे हुज्जत घालू नका. स्टीलची बाटली आणि डबा आणलात तर त्या रांगेत उभंच राहावं लागत नाही.