डेल्फ्टची जुनी निळी-पांढरी तंबाखूची बरणी कशी पारखावी

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात अठराव्या शतकात तंबाखू आणि तपकीर विकणाऱ्या दुकानांसाठी पोटाला फुगीर, निळ्या चित्रांच्या आणि बहुधा पितळी झाकणाच्या बरण्या मोठ्या प्रमाणावर घडवल्या जात. पुढे त्यांच्या नकलाही भरपूर झाल्या, म्हणून अशी बरणी विकत घेण्यापूर्वी ती शांतपणे आणि ठरावीक क्रमाने तपासावी. बहुतेक जण आधी बरणी उलटी करून तळावरची खूण शोधतात. माझ्या मते खूण सर्वांत शेवटी पाहावी, कारण खुणेची नक्कल करणे सोपे असते, मातीची नक्कल करणे अवघड.

सुरुवात काठापासून करावी. डेल्फ्टची भांडी चिनी पोर्सिलेनसारखी दिसावीत म्हणून घडवलेली असली तरी ती पोर्सिलेनची नसतात. सच्छिद्र, पिवळसर मातीचे भांडे आधी भाजून घेत, मग ते कथील मिसळलेल्या पांढऱ्या झिलईत बुडवत. ही झिलई काठावर आणि कडांवर सहज टवके सोडते, आणि टवका उडालेल्या जागी आतली मऊ, पिवळसर माती उघडी पडते. त्या जागी शुभ्र, काचेसारखा घट्ट थर दिसला, तर बरणी दुसऱ्याच प्रकारची आहे असे समजावे. जुन्या बरणीच्या काठावर लहानसे टवके असणे अगदी स्वाभाविक आहे. दोनअडीचशे वर्षांच्या वस्तूवर एकही टवका नसेल, तर उलट अधिक बारकाईने पाहावे.

त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन चित्र पाहावे. कारागीर कोबाल्टच्या रंगाने न भाजलेल्या, भुकटीसारख्या झिलईवर रंगवत असे. ती झिलई रंग तत्काळ शोषून घेत असल्यामुळे एकदा ओढलेली रेघ पुसता येत नसे. म्हणूनच खऱ्या कामात गडद बाह्यरेषा, आत भरलेला फिका निळा आणि कुंचला उचलल्याच्या जागा स्पष्ट ओळखू येतात. छापील चित्रात मात्र छटा ठिपक्यांच्या किंवा एकसारख्या बारीक रेघांच्या बनलेल्या असतात. या बरण्यांवर पाइप ओढणारा, पिसे ल्यालेला अमेरिकेतील मूळ रहिवासी, समुद्रातले जहाज आणि मधोमध मालाचे नाव असे चित्र वारंवार आढळते. हवाना, मार्टिनिक किंवा रापे ही नावे ग्राहकाला बरणीतील तंबाखूची अथवा तपकिरीची ओळख पटवून देत, म्हणून अक्षरे दुकानदाराला लांबून वाचता येतील इतकी ठळक असत.

आता तळ पाहावा. कारखान्यांना आपापल्या खुणा होत्या. ‘पोर्सिलेनची कुऱ्हाड’ या नावाच्या कारखान्याची खूण कुऱ्हाडीचीच होती. परंतु तळावर ‘डेल्फ्ट’ हा शब्द किंवा ‘मेड इन हॉलंड’ अशी अक्षरे असतील, तर बरणी साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची किंवा विसाव्या शतकातली समजावी. ती कमअस्सल असते असे नव्हे. १६५३ मध्ये स्थापन झालेला ‘द पोर्सलेन फ्लेस’ कारखाना आजही हाताने रंगवलेली भांडी बनवतो. फक्त किंमत अठराव्या शतकाची देऊ नये.

दुरुस्ती ओळखण्यासाठी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली बरणी फिरवावी. नवा रंग आणि भराव मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. दुरुस्ती असेल तर ती बिलावर लिहून घ्यावी. झाकण पितळी असल्यास ते गळ्यावर नीट बसते का पाहावे, कारण झाकणे हरवून बदललेली असण्याची शक्यता बरीच असते.

घरी आणल्यावर बरणी पाण्यात बुडवून ठेवू नये, टवक्यांतून पाणी मातीत शिरते आणि डाग पडतात. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, गरज पडल्यास किंचित ओलसर कापसाने पुसावे. झिलईत शिसे असते, म्हणून तिच्यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. पितळ घासायचे झाल्यास झाकण बाजूला काढूनच घासावे, आणि बरणी उचलताना झाकण न धरता एक हात तळाखाली व दुसरा पोटाला लावावा.