कापडी डायपर घ्यावेत का? ठरवताना आणि वापरताना या चुका टाळा

कापडी डायपरचा निर्णय हल्ली बहुतेक घरांत रात्री उशिरा, मोबाइलवर, सवलतीचा शेवटचा दिवस बघून होतो. प्रिंट गोड असतात, बाळ गुटगुटीत असतं, आणि यादीत आपोआप १२ डायपरचा संच येऊन बसतो. पुढे ते डायपर वापरले जातात की माळ्यावर जातात, हे मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतं: धुणार कोण, पाणी कसलं आणि वाळत कुठे घालणार. या तिन्हींची उत्तरं घरातच असतात, तरी ती शोधायच्या आधी पैसे भरले जातात.

चूक पहिली: ‘पर्यावरणासाठी’ म्हणून डोळे मिटून हो म्हणणं

कापडी डायपर आपोआप पर्यावरणस्नेही होत नाहीत. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये कापडी आणि एकदा वापरून फेकायच्या विकतच्या डायपरचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा सरासरी वापरात कार्बन उत्सर्जन जवळपास सारखंच निघालं. फरक पडला तो धुण्या-वाळवण्याच्या पद्धतीने. मशीन भरून लावलं, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडी डायपरचा भार सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे दोरी आणि ऊन आहे, आणि धाकट्याला थोरल्याचं घालण्याची लाजही नाही. म्हणजे इथे बाजू आपली आहे. पण रोज चार डायपरसाठी गरम पाण्याचं वेगळं मशीन लावणार असाल तर ती जाते.

कचऱ्याचा मुद्दा मला जास्त पटतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी ‘लाल ठिपका’ मोहीम चालवली, कारण कागदात न गुंडाळलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड त्यांना हाताने वेगळे करावे लागत होते. घनकचरा नियमांनुसारही वापरलेला डायपर नीट गुंडाळूनच द्यायचा असतो. तेव्हा कधीमधी का होईना, विकतचे वापरणार असाल तर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला विसरू नका.

चूक दुसरी: जन्माआधीच पूर्ण संच

पाकिटावर ‘जन्मापासून तीन वर्षांपर्यंत’ लिहिलेलं असतं. अडीच-तीन किलोच्या बाळाच्या मांड्या मात्र बोटाएवढ्या असतात. बटणं शेवटपर्यंत आवळली तरी इलॅस्टिक आणि मांडी यांत फट राहते आणि सगळं तिथूनच बाहेर येतं. शिवाय पहिले एक-दोन आठवडे नाळ पडलेली नसते. त्यावर जाड डायपर घासून उपयोग नाही, काहीही बांधलं तरी ते नाळेच्या खाली दुमडलेलंच हवं.

पहिल्या महिना-दीड महिन्यासाठी जुन्या मऊ सुती साडीचे किंवा धोतराचे लंगोट आणि खाली दुपटी, याहून सोयीचं काही नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी चिकट शी महागड्या डायपरवर कशाला? लंगोटाचा आणखी एक फायदा म्हणजे बाळाने शू केली की लगेच कळतं. पहिला आठवडा सरता सरता दिवसाला निदान सहा लंगोट भिजायला हवेत, ही दूध पुरतंय याची चांगली खूण असते. जास्त शोषणाऱ्या डायपरमध्ये ती मोजणं अवघड जातं.

नाड्या घट्ट बांधू नका. पोटावर वळ उठला की गाठ सैल करायची.

आता हौसेने पेटीतून काढलेल्या जुन्या लंगोटांबद्दल. ते डांबरगोळ्यांमध्ये ठेवले होते का, हे आधी विचारा. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही नवजात बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीला जाते. विशेषतः ज्यांना जी-६-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्यांना, आणि ती आहे हे तोवर कुणालाच माहीत नसतं. तेल लावलेल्या त्वचेतून नॅप्थलीन जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडे बाळाला तेल तर रोजच लागतं. ‘आमच्या मुलांना काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे ऐकू नका. गोळ्यांचा वास येणारं कापड पायपुसण्याला जाऊ दे. नव्या साठवणीत तर गोळ्या ठेवूच नका.

चूक तिसरी: बाईंना गृहीत धरणं

‘आम्ही कापडीच वापरतो’ असं सांगणाऱ्या कितीतरी घरांत ते धुतं दुसरंच कुणीतरी. धुण्याभांड्याच्या बाईंचं काम ठरलं तेव्हा त्यात बाळाची शी नव्हती. त्यांना आधी विचारा. नाही म्हणाल्या तर तो त्यांचा हक्क आहे, हो म्हणाल्या तर पगार वाढवा. तरीही शी काढून, पाण्याखाली धरून मगच डायपर धुण्यात टाकणं हे आई-बाबांचं काम, आणि यातला ‘बाबा’ हा शब्द वगळू नये. बाळंतिणीने सव्वा महिना वाकून कपडे धुवायचे नसतील तर कोण धुणार, हे सातव्या महिन्यातच बोलून घ्या.

चूक चौथी: उन्हाळ्यात मोजून पावसाळ्यात वापरणं

एप्रिलमध्ये सोलापूरला डायपरच्या आतलं शोषणारं पॅड तीन तासांत खडखडीत होतं. तेच पॅड जुलैमध्ये ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या घरात दोन दिवस ओलसरच राहतं. म्हणून संख्या ठरवताना साधा हिशेब करा: दिवसातून किती वेळा बदलता, गुणिले धुवून पूर्ण वाळायला लागणारे दिवस, आणि अंगावरच्या एका दिवसाचे वेगळे. आठ वेळा बदलणं आणि दोन दिवसांचं वाळणं धरलं तर २४ पॅड लागतात. बाहेरची कव्हरं इतकी लागत नाहीत, सहा-सात पुरतात. फक्त शू झाली असेल तर आतलं पॅड बदलून तेच कव्हर पुसून परत वापरता येतं. म्हणूनच आत शिवलेल्या पॅडचा डायपर, दिसायला कितीही सुटसुटीत असला तरी, कोकणपट्टीत मी सुचवणार नाही. तो वाळतच नाही.

पावसाळ्यात पॅडं पंख्याखाली, एकमेकांना न चिकटता, अंतर ठेवून घाला. सुती लंगोटावर इस्त्री फिरवली तर उरलेला दमटपणा जातो. बाहेरच्या जलरोधक कव्हरला इस्त्री लावायची नाही, उकळायचंही नाही. त्याचा आतला प्लास्टिकचा थर सुटतो आणि मग ते नुसतं रंगीत कापड उरतं. ओलं कव्हर इलॅस्टिकला धरून लटकवू नका, दोरीवर आडवं टाका. कडक ऊन पॅडांना हवं, कव्हरांना सावली बरी.

चूक पाचवी: धुण्याचे घरगुती शोध

नवीन सुती पॅड पहिल्याच दिवशी गळतं आणि लोक कंपनीला नावं ठेवतात. कोऱ्या सुतात नैसर्गिक मेणासारखा अंश असतो. चार-पाच वेळा धुवून वाळवल्याशिवाय ते पाणी पीतच नाही.

मग सुवास यावा म्हणून फॅब्रिक सॉफ्टनर घातलं जातं. त्याचा धाग्यावर थर बसतो आणि पॅड पाणी शोषायचं थांबतं. मालिशीचं तेल आणि पुरळाचं जाड पांढरं मलमही तेच करतं. मालीश झाल्यावर अंघोळीपर्यंत जुना लंगोट बांधा, आणि मलम लावलं की मध्ये पातळ सुती फडकं घाला. शंका आली तर वाळलेल्या पॅडवर पाण्याचे थेंब टाका. मोत्यासारखे वर राहिले तर थर बसलाय. एकदा चांगल्या गरम पाण्यात पुरेशी पावडर घालून पॅडं धुवा आणि फेस निघून जाईपर्यंत खळबळा. बादलीभर जंतुनाशक ओतून रात्रभर भिजत ठेवू नका. ते नीट निघालं नाही तर बाळाच्या त्वचेला झोंबतं.

पावडर फार कमी घालणं हीही चूकच. बोअरवेलच्या जड पाण्यात पावडरीची निम्मी ताकद क्षार खातात, त्यामुळे मळ तसाच राहतो. थोडा धुण्याचा सोडा घातला की फरक दिसतो.

अंगावरच्या दुधावरची शी पाण्यात विरघळते. सहा महिन्यांनी वरण-भात सुरू झाला की मात्र ती आधी संडासात टाकायची, जेटने धुवायची, मग डायपर बादलीत. बादली कोरडी ठेवा. पाण्यात भिजत घातलेले डायपर अधिक वास मारतात आणि अर्धी पाण्याची बादली रांगत्या बाळासाठी जीवघेणी असते.

अडलं तर कुठे बघायचं

मांडीतून गळत असेल तर पॅडचं टोक इलॅस्टिकबाहेर डोकावतंय का ते बघा. वातीसारखं तेच पाणी बाहेर ओढतं. पुढून गळत असेल आणि बाळ मुलगा असेल तर पॅडची जादा घडी पुढे घ्या. झोपेत गळत असेल तर एक जादा पॅड. तेही पुरलं नाही तर रात्री विकतचा लावा, त्यात कसला पराभव नाही.

सकाळी डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येतो तो रात्रभर साचलेल्या लघवीचा. तो डायपर उठल्या उठल्या पाण्याखाली धरा. पण धुवून वाळवलेलं पॅड ओलं होताच तसाच वास मारत असेल तर धुण्यातच खोट आहे.

पुरळ उठली की कापडाला किंवा प्लास्टिकला लगेच दोष देऊ नका. दर दोन-तीन तासांनी बदलताय का, ते आधी बघा. दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा, पावडर फासू नका. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि कडेला बारीक पुटकुळ्या असतील तर ती बहुधा बुरशी असते, डॉक्टरांना दाखवा. केमिस्टने काउंटरवरून दिलेलं स्टेरॉइड-मिश्रित क्रीम तर अजिबात लावू नका.

‘जाड डायपरने पाय फाकतात’ असं आजी म्हणणारच. तान्ह्या बाळांचे पाय मुळातच थोडे धनुष्यासारखे असतात आणि दोन वर्षांच्या आसपास सरळ होतात. उलट खुब्याच्या सांध्याला त्रास होतो तो पाय सरळ करून घट्ट गुंडाळल्याने. डायपरची जाडी बघण्यापेक्षा दुपट्यात पाय हलतायत ना, ते बघा.

अजूनही ठरत नसेल तर संच घेऊ नका. साधारण ५०० ते १००० रुपयांत एक डायपर मिळतो. बाळ चार किलोचं झाल्यावर दोन वेगवेगळ्या प्रकारांचे प्रत्येकी दोन घ्या आणि फक्त दिवसा, घरात वापरून बघा. ओळखीतून जुने मिळाले तर इलॅस्टिक ताणून बघा, कव्हर उजेडासमोर धरून भेगा तपासा आणि पॅडं गरम पाण्यात धुवून घ्या. पाळणाघरात ठेवणार असाल तर तिथल्या ताईंना आधी दाखवा. काही ठिकाणी कापडी चालत नाहीत, काही ठिकाणी वापरलेले एका पिशवीत घालून संध्याकाळी परत देतात. ती पिशवी तुम्हीच द्यायची असते, चेनची आणि पाणी न झिरपणारी.