खोडरबरचे ठसे: संक्रांतीचं कार्ड आणि चैत्रांगणाचा फलक

तयार ठशांच्या संचात गुलाब असतात, फुलपाखरं असतात, नाताळचं झाड असतं, इंग्रजी शुभेच्छा तर ढिगानं असतात. सुगड नसतं, गोपद्म नसतं, आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ तर शोधूनही मिळत नाही. म्हणून माझ्याकडे शिकायला कुणी आलं, की मी आधी हातात खोडरबर ठेवते. विकतचे ठसे पुढे खुशाल घ्या. पण पहिला ठसा स्वतः कोरला, की कुठल्या ठशाची छपाई का बिघडते हे हाताला कळायला लागतं, आणि ते दुकानात मिळत नाही.

खोडरबर पांढरं, मऊ, ‘नॉन-डस्ट’ म्हणून विकतात ते घ्या. आकार जितका मोठा तितका बरा. निम्मं लाल, निम्मं निळं असं जे मिळतं ते नको. निळ्या भागात खर असते, पातं लागलं की तुकडे पडतात. नवीन रबर साबणाच्या पाण्यानं धुवा आणि अगदी बारीक पॉलिश पेपरवर एकदा हलकं फिरवा. गुळगुळीत पृष्ठभागावर शाईचे थेंब होऊन बसतात, घासलेल्यावर ती सारखी पसरते.

चित्र बटर पेपरवर २बी पेन्सिलीनं काढा. कागद उलटा करून रबरावर ठेवा आणि चमच्याच्या पाठीनं घासा. पेन्सिल रबरावर उतरते आणि चित्र आपोआप उलटं होतं, म्हणजे छापल्यावर सुलट येतं. आरशात बघून उलटं काढण्याचा खटाटोप करायचं कारण नाही.

कोरायला पेन-नाइफ आणि लिनो कटरचं (लिनोलियमवर चित्र कोरायच्या हत्याराचं) व्ही आकाराचं पातं एवढं पुरतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चित्रकलेच्या सामानाच्या दुकानांत लिनोचा संच मिळतो. कोरताना पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलतं धरा. रेषेच्या दोन्ही अंगांना उतार राहिला पाहिजे, म्हणजे ती वर बारीक आणि बुडाशी रुंद होते. पातं आतल्या बाजूला कललं तर रेष खालून पोखरली जाते आणि दाबल्यावर लवते. छाप जाड-बारीक येतो. वळणदार रेषेला पातं एका जागी धरून रबर फिरवा. खोली दोन ते तीन मिलिमीटर पुरे. मोकळा भाग मात्र नीट खरवडा, नाहीतर तिथले उंचवटे कार्डावर मळासारखे उमटतात.

ज्यांना कोरणं जमणार नाही, त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. कोर्टासमोर, कचेरीसमोर शिक्के करून देणारे बसतात ना, त्यांच्याकडे आपलं चित्र न्या. पांढऱ्या कागदावर गडद काळ्या पेनानं काढलेलं हवं, करड्या छटा नकोत, आणि सगळ्यात बारीक रेषही अर्ध्या मिलिमीटरहून जाड हवी. चित्राची निगेटिव्ह काढतात, त्यावर पॉलिमरचं द्रावण ओतून अतिनील प्रकाश देतात; प्रकाश लागला तेवढा भाग घट्ट होतो, उरलेला धुऊन जातो. त्यांना सांगा, ‘नुसतं पॉलिमर द्या, फ्लॅश नको.’ फ्लॅशच्या शिक्क्यात शाई आतच भरलेली असते. हिशेबाच्या कागदांना तो छान, पण आपल्याला रंग बदलायचे असतात. पॉलिमरचा तुकडा ॲक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्यावर लावला, की ठसा नेमका कुठे पडणार तेही दिसतं.

आता अक्षरं. इथे थोडा वेळ द्या, कारण आपल्या कार्डाची खरी शोभा इथेच आहे.

सगळं वाक्य एका रबरावर कोरायला जाऊ नका. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ यासाठी बारा छोटे तुकडे पुरतात. त, ग, घ, ब आणि य कोरायचे ते उभ्या दंडाशिवाय. ळ, ल आणि ड अख्खे. मग एक उभा दंड, ऱ्हस्व वेलांटीची कमान, दीर्घ उकार आणि मात्रा. दंड वेगळा ठेवल्यानं तोच काना होतो, तोच वेलांटीचा खांब होतो. आणि ‘घ्या’ लिहिताना घ चा दंड नुसता गाळायचा. अर्ध्या अक्षराचा वेगळा ठसा लागत नाही. ल मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा काढा. कार्डावर तो फार गोड दिसतो.

शिरोरेषा कोरूच नका. कार्डावर फिक्या पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारा आणि प्रत्येक अक्षर त्या रेघेला टांगल्यासारखं छापा, म्हणजे अक्षराचा माथा रेघेला टेकला पाहिजे. शाई वाळली, की खोडरबरच्या एका सरळ पट्टीची कड शाईत भिजवून रेघेवर टेकवत शब्दाशब्दाची शिरोरेषा ओढून घ्या. एखादं अक्षर केसभर वर-खाली झालेलं असेल तर ते या रेषेखाली झाकलं जातं. शिरोरेषा दोन मिलिमीटर जाड ठेवा. बारीक केली की शब्द लुळा वाटतो.

शाईबद्दल. ऑफिसातल्या जांभळ्या स्टॅम्प पॅडची शाई कार्डाला वापरू नका. ती कागदात फुटते आणि उजेडात उडते. क्राफ्टच्या दुकानात दोन जातींची पॅडं मिळतात. डाय शाई कागदात मुरते आणि लगेच वाळते. बारीक रेषांच्या ठशांना ती चांगली. पिगमेंट शाई दाट असते, कागदावर बसून राहते, उशिरा वाळते, पण रंग टिकाऊ. गडद कागदावर पिगमेंटच घ्यावी लागते. हे काही नसेल तर स्पंजाच्या तुकड्यावर ॲक्रिलिक रंग पातळ पसरवून त्याचं पॅड करा. काम झाल्याबरोबर ठसा जुन्या टूथब्रशनं धुवा. ॲक्रिलिक एकदा वाळलं की खाचांतून निघत नाही.

छापताना बहुतेक जण ठसा पॅडवर आपटतात. ठसा तोंड वर करून टेबलावर ठेवा आणि पॅडच त्यावर थोपटत फिरवा. शाई कुठे लागली, कुठे राहिली ते डोळ्यांना दिसतं, आणि कडांना नको ती शाई लागत नाही. कार्डाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घाला, जराशी लवचीक गादी हवी. मग ठसा सरळ खाली टेकवा, बोटांनी मधून कडांकडे दाबत जा आणि सरळ वर उचला. डोलवायचा अजिबात नाही. डोलवलं की कडेला दुसरी सावली उमटते. प्रत्येक ठशाचा पहिला छाप रद्दी कागदावर.

हातकागदावर छापायचं असेल तर रीत उलटी करा. आमच्या पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद जाड, खडबडीत आणि कडेला फाटल्यासारखा असतो, आणि त्याच्यासारखं कार्ड दुसऱ्या कशाचं होत नाही. पण त्या खडबडीतपणामुळे वरून दाबलेला ठसा अर्धवट येतो. तेव्हा शाई लावलेला ठसा तोंड वर करून ठेवा, कागद वरून घाला आणि पाठीवरून चमच्यानं गोल गोल घासा. कागदाचा प्रत्येक खड्डा शाईला भेटतो.

कार्डाचं माप सोपं ठेवा. २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणारा) ए४ कागद मधोमध कापला की दोन ए५ होतात; प्रत्येकाची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड. ११४ बाय १६२ च्या सी६ पाकिटात ते नीट बसतं. घडी घालण्याआधी कागद दोन्ही दिशांना हलका वाकवून बघा. ज्या दिशेनं तो सहज वाकतो तिकडे घडी चिरत नाही. रिकाम्या बॉलपेननं पट्टीच्या कडेनं खाच पाडा आणि खाच बाहेर राहील, पलीकडचा उंचवटा आत जाईल अशी घडी करा. उलटी केली तर जाड कागद कण्यावर फाटतो.

संक्रांतीचं कार्ड मी काळ्या कागदावर करते. सणाला काळं नेसतात, आणि काळ्यावर पांढरा उठाव चंद्रकळेवरच्या हलव्याच्या दागिन्यांसारखा दिसतो. त्यासाठी एम्बॉसिंग पावडर, म्हणजे तापवली की वितळून उठाव देणारी भुकटी लागते. आधी तलम कापडात थोडी टाल्कम पावडर बांधून तिची पुरचुंडी कार्डावर थोपटा. नाहीतर स्थिर विजेनं एम्बॉसिंगचे कण सगळीकडे चिकटतात आणि काळ्यावर ते फार दिसतात. पिगमेंट शाईनं सुगड, ऊस, बोरं, गव्हाची ओंबी छापा. शाई ओली असतानाच वर पांढरी पावडर भुरभुरा, कागद उभा करून मागून टिचकी मारा, उरलेली पावडर कागदावर गोळा करून परत डबीत. मग हीट गन, म्हणजे कडक गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र. केस वाळवायचं यंत्र चालत नाही, त्याची हवा पावडर उडवते आणि उष्णता तेवढी नसते. हीट गन नसेल तर गरम इस्त्रीवर कार्डाची मागची बाजू धरा. थोडा वेळ काही होत नाही, आणि मग एका कोपऱ्यात ती खरखरीत पावडर वितळून चकाकायला लागते. ती चकाकी रेषेरेषेनं पुढे सरकताना बघत राहा आणि तिच्याबरोबर कार्ड सरकवा. पूर्ण वितळली की लगेच बाजूला घ्या. जास्त तापली तर उठाव बसतो आणि कागद वाकतो.

पाकिटात हलवा घालू नका, काटे मोडून त्याचा चुरा होतो. चिमूटभर तीळ चपट्या कागदी पुडीत घालून आत चिकटवा.

फलकासाठी माझी निवड चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात काढतात ती रांगोळी ठशांसाठीच रचल्यासारखी आहे, कारण ती सुट्या चिन्हांची बनलेली असते. झोपाळ्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्म, कासव, नाग, तुळशीवृंदावन, आंबा, फणी, आरसा, लक्ष्मीची पावलं. आज फ्लॅटच्या दाराशी ती काढायला जागा नाही, सारवलेलं अंगण नाही, आणि ही चिन्हं ओळखीनं काढणाऱ्या हातांची संख्या घटत चालली आहे. ती भिंतीवर तरी राहावीत असं मला मनापासून वाटतं.

तीन मिलिमीटर जाडीचा बारा बाय सोळा इंचांचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला तक्ता) घ्या. त्यावर फेव्हिकॉलचं पातळ पाणी एकदा फिरवून वाळू द्या. गेरू तलम कापडातून गाळा, पाण्यात भिजवा, त्यात फेव्हिकॉल मिसळून दोन पातळ हात द्या. दुसरा हात पहिल्याला आडवा. वाळल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला लाल लागलं तर फेव्हिकॉल कमी पडला आहे, तो वाढवून आणखी एक हात द्या.

ठसे दोन तऱ्हांनी कोरा. झोपाळा, फणी, शंख यांच्या रेषा उंच ठेवायच्या, म्हणजे चिमटीतून सोडलेल्या रांगोळीसारख्या पांढऱ्या रेषा येतात. कासव आणि तुळशीवृंदावन भरीव ठेवून त्यांच्यात रेषा खोदायच्या. त्या गेरूच्या लाल दिसतात. दोन्ही शेजारी आले की फलकाला वजन येतं. पावलांना डावा आणि उजवा असे दोन ठसे लागतात. गोपद्म दोन्हीकडून सारखं, एकच पुरतो. झोपाळा एका रबरात मावत नाही, तेव्हा साखळी, पाट आणि गौर असे तीन तुकडे करा. साखळीचा तुकडा दोन्ही बाजूंना चालतो. ठिपक्यांना पेन्सिलीच्या मागचं रबर उत्तम.

मांडणी आधी कागदावर. प्रत्येक ठशाचा छाप बटर पेपरवर काढून कापा आणि तुकडे फलकावर सरकवत बसा. वरच्या मध्यावर गौर, मग चारही कोपरे, मग प्रत्येक कडेचा मध्य, आणि उरलेल्या जागेत बाकीची चिन्हं. कड एका टोकापासून छापत गेलं तर शेवटी अर्ध्या गोपद्माची जागा उरते. चिन्हांमध्ये बोटभर गेरू मोकळा सोडा. गर्दी झाली की एकही चिन्ह ओळखू येत नाही.

पांढरं ॲक्रिलिक दाटच ठेवा आणि स्पंजानं ठशावर टिपा. खाचांत रंग साचताना दिसला की तिथेच थांबून ठसा धुवा. सगळं वाळल्यावर बारीक काडीनं पिवळे आणि लाल ठिपके द्या, हळद-कुंकू वाहतात तसे, गौरीपासून सुरुवात करून. वरून मॅट वॉर्निशचा फवारा मारा. ब्रशनं वॉर्निश दिलं तर गेरू ओढला जाण्याची भीती असते.

कोरलेली खोडरबरं प्लास्टिकच्या डब्यात उघडी टाकू नका. त्यांतलं तेलकट द्रव्य प्लास्टिकला मऊ करतं आणि ठसा डब्याला कायमचा चिकटतो. प्रत्येक ठसा कागदात गुंडाळा, पुडीवर त्याचाच छाप मारा, आणि पुड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या लावा. पॉलिमरचे ठसे उन्हापासून लांब ठेवा, ते पिवळे पडतात.