विमानाच्या टायर-प्रेशर सिस्टीमची चाचणी: सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

कॉकपिटच्या स्क्रीनवर एक आकडा आणि हातातल्या गेजवर दुसरा, असं झालं की सगळे सेन्सरच्या मागे लागतात. आधी चाचणी कशी घेतली ते बघा.

सगळ्यात जास्त घोळ तापमान घालतं. विमान उतरल्यावर ब्रेकची उष्णता बराच वेळ चाकात उतरत राहते, म्हणून टायर कंपन्या 2 ते 3 तास थांबायला सांगतात. साधारण 3 अंश सेल्सिअसमागे दाब 1 टक्क्याने बदलतो. 30 अंशांत 200 पीएसआय (दाबाचं एकक) भरलेला टायर शून्य अंशात 180च्या आसपास दाखवणारच. त्यात गळतीही नाही आणि सेन्सरही बिघडलेला नाही. दाब जास्त दिसला म्हणून गरम टायरमधला नायट्रोजन सोडणं तर सरळ धोक्याचं आहे.

फरक सगळ्याच चाकांवर 14-15 पीएसआयचा येतोय? मग सेन्सर निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणाच्या दाबासकट, मोजतोय आणि तुमचं गेज वातावरणाचा दाब वगळून. चाक विमानाला लावून भार आला की दाब सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, हेही चाक सुटं असताना बेंचवर घेतलेली नोंद ताडताना विसरलं जातं.

चाक बदलल्यावर आकडाच गायब झाला, तर हबकॅप (चाकाच्या मधोमध बसणारं झाकण) आधी उघडा. काही सिस्टीममध्ये फिरत्या चाकातला सिग्नल स्थिर अ‍ॅक्सलकडे (चाकाच्या आसाकडे) समोरासमोरच्या दोन कॉइलमधून जातो. हबकॅप नीट बसली नाही किंवा कनेक्टरमध्ये घाण गेली की तो तुटतो. सेन्सर काढायचाच असेल तर मॅन्युअलप्रमाणे टायर आधी पूर्ण रिकामा करा. इथे घाई जिवावर बेतते.

नॉर्मल दाब बरोबर दिसला म्हणजे चाचणी झाली, असं नाही. लहान प्रेशर चेंबरमध्ये दाब हळूहळू उतरवून इशारा नेमका कुठे वाजतो ते थंड आणि गरम, दोन्ही स्थितींत पाहा. नजरेवर तर अजिबात विसंबू नका, कारण एकाच अ‍ॅक्सलवरचा जोडीदार टायर भार उचलतो आणि कमी दाबाचा टायर ठीकच दिसतो. 2008 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया शहरात लिअरजेट 60 या छोट्या जेट विमानाचे कमी दाबाचे टायर टेकऑफच्या धावेत फुटले आणि चौघे गेले.

नवा टायर पहिल्या 12 ते 24 तासांत ताणतो आणि दाब 10 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. तो काळ जाऊ द्या, पुन्हा भरा आणि 24 तासांत दाब किती उतरतो याची मोजणी तिथून धरा. त्या 24 तासांत 5 टक्क्यांहून जास्त उतरला, तर गळती शोधा.