स्वस्त मोबाइल फोन बनवण्याआधी पेटंटचा खर्च कसा काढावा

बटणांचा साधा फोर-जी फोन किंवा मोबाइल नेटवर्कवर चालणारे एखादे छोटे यंत्र बाजारात आणू पाहणाऱ्या लघुउद्योजकाने साचे बनवून घेण्यापूर्वीच पेटंटचा हिशेब मांडावा, कारण माल दुकानांत पोहोचल्यावर नोटीस आली, तर घासाघीस करायला फारसा वाव उरत नाही.

प्रथम उपकरण कोणत्या पिढीच्या नेटवर्कवर चालणार, हे निश्चित करावे. भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. जीएसएम या टू-जी मानकाची पहिली व्यावसायिक सेवा १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झाली, त्यामुळे टू-जीच्या मूळ तंत्रावरील पेटंटे केव्हाच संपली आहेत. फोर-जीबाबत तसे म्हणता येत नाही.

एट्सी या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेच्या खुल्या यादीत कंपन्यांनी स्वतःच ‘अत्यावश्यक’ म्हणून, म्हणजे जी वापरल्याशिवाय नेटवर्कचे मानक पाळताच येत नाही अशी म्हणून, जाहीर केलेली पेटंटे सापडतात. हा दावा खरा आहे की नाही, हे एट्सी तपासत नाही. म्हणून यादीची लांबी पाहून धास्तावू नये. त्यांपैकी कोणती पेटंटे भारतात मंजूर झाली आणि नूतनीकरण शुल्क भरून जिवंत ठेवली आहेत, हे भारतीय पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या शोधसुविधेवर पाहावे.

खरी मेख आहे ती रॉयल्टी कशावर आकारली जाते, यात. मायक्रोमॅक्स या फोन-उत्पादक कंपनीने एरिक्सन या पेटंटधारक कंपनीविरुद्ध केलेल्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ साली चौकशीचा आदेश देताना हे नेमके दाखवले होते: सव्वा टक्का दराने १०० रुपयांच्या फोनवर सव्वा रुपया, तर १,००० रुपयांच्या फोनवर साडेबारा रुपये पडतात, आणि दोन्हींतील जीएसएम चिप मात्र तीच असते. म्हणजे उत्पादकाने मोठी बॅटरी किंवा चांगला पडदा बसवला, तर नेटवर्कशी संबंध नसलेल्या त्या सुधारणेवरही पेटंटधारकाचा वाटा चढतो. माझ्या मते अल्प नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात नव्या कल्पनेला सर्वाधिक मार इथेच बसतो. तरीही आयोगाकडे दाद मागण्याच्या भरवशावर राहू नये. असे वाद पेटंट कायद्याखालीच सोडवायचे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

त्यामुळे चिप-विक्रेत्याकडून कोणते परवाने किमतीत समाविष्ट आहेत, हे लेखी घ्यावे. उरलेल्या प्रत्येक पेटंटधारकाचा अंदाजे दर विक्रीकिमतीवर लावून सर्वांची बेरीज करावी, कारण एकेकटा एक टक्का किरकोळ वाटला तरी असे पाच धारक मिळून नफाच गिळू शकतात.

पेटंटधारकाचे पत्र आले, तर ते बासनात गुंडाळून ठेवू नये. रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर परवाना घेण्याची तयारी लेखी कळवून, कोणते पेटंट मानकाच्या कोणत्या भागाला लागू होते याचा तक्ता मागावा, आणि दर चिपच्या किमतीवर किंवा नगामागे ठरावीक रकमेत लावण्याचा प्रतिप्रस्ताव द्यावा. २०२४ साली लाव्हा कंपनीला एरिक्सनला २४४ कोटी रुपये देण्याचा आदेश झाला, तेव्हा वाटाघाटींतील वर्तनही न्यायालयाने तपासले होते.